दहावी आली म्हणून पोराचं मैदान बंद करावं का?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, आज सकाळी परत वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही बेळगावच्या पश्चिम भागातल्या एका गावात राहता, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपला कामाला आहात. थोरला मुलगा मराठी माध्यमाच्या हायस्कुलात, यंदा दहावीला. कबड्डी बरी खेळतो. शाळेचा संघ तालुक्याला गेला त्यात होता. नववीत मार्क 71 टक्क्यांवरून 58 वर आले. मंडळी म्हणतात खेळ बंद, ट्यूशन सुरू. चुलतभाऊ म्हणतो निवासी अकॅडमीत घाल, आर्मीत जातोय की नाही बघ. आणि तुम्ही विचारलंय, "खेळून पोट भरतं का? आपल्या सीमाभागातल्या पोराला यात वाव आहे का, की नुसता वेळ जातोय?"

मी खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या दोन शाळांत मिळून 31 वर्षं पीटीचा मास्तर होतो. निवृत्त झालो तरी संध्याकाळी पाचला पाय ग्राऊंडकडेच वळतात. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं शिट्टी वाजवता वाजवता कळलेलं आहे, आणि काही चुका करून.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक नोकरीचा. दुसरा, पोरगा संध्याकाळी पाच ते सात कुठे असतो आणि कुणाच्या नजरेखाली असतो, याचा. पालक बहुतेक वेळा पहिल्याचं उत्तर शोधतात, ते मिळालं नाही की दुसऱ्याला कुलूप लावतात. मी दुसऱ्यापासून सुरू करतो.

मार्क कमी झाले हे खरं, पण कशात कमी झाले ते तुम्ही लिहिलं नाहीत. प्रगतिपत्रक काढून बघा. सगळ्या विषयांत थोडे थोडे गेले असतील तर झोप किंवा मोबाईल. गणित आणि कन्नड या दोनातच गेले असतील तर पाया कच्चा, आणि त्याला कबड्डी जबाबदार नाही. मराठी शाळेतल्या आपल्या पोरांचं कन्नड आठवीपासून मागे पडायला लागतं, ते खेळणाऱ्याचंही पडतं आणि न खेळणाऱ्याचंही.

झोपेचं सांगतो. मी एक वही ठेवायचो. पोराचं नाव, महिन्याच्या एक तारखेचं वजन, 1600 मीटरची वेळ, आणि शेवटचा रकाना: 'काल किती वाजता झोपलास'. सुरुवातीला पोरं थापा मारायची. सगळेच दहाला झोपलेले! मग मी विचारायची पद्धत बदलली. "काल शेवटचा मेसेज कुणाचा आला गा?" असं विचारलं की साडेबारा, एक, खरं ते बाहेर यायचं. अशाच एका दहावीच्या पोराच्या बापाने डिसेंबरात त्याचं ग्राऊंड बंद केलं. मी वही दाखवली: पोरगा संध्याकाळी दीड तास खेळायचा, आणि रात्री अंथरुणात अडीच तास मोबाईल बघायचा. बापाला मैदानावरचा दीड तास दिसत होता, कारण तो गावासमोर होता. पांघरुणातला अडीच तास कुणालाच दिसत नव्हता. तेरा ते अठरा वयाच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. मोबाईल रात्री साडेनऊला तुमच्या उशाशी ठेवायचा. हे एक जमवलंत तर माझं अर्धं उत्तर इथेच संपलं.

आता मैदान बंद केल्यावर काय होतं ते. मी ज्यांचं बंद झालेलं पाहिलं त्यातले थोडे खरोखर पुस्तकाला लागले. ते मुळातच अभ्यासातले होते, त्यांना खेळ फार जवळचा नव्हता. बाकीच्यांचे ते दोन तास कट्ट्यावर गेले. बस स्टॉपमागचा कट्टा, पान-टपरीची बाजू, कुणाची तरी मोटारसायकल. पंधरा-सोळाव्या वर्षी पोराला चार जणांत आपली जागा लागते, आणि ती तो मिळवणारच. मैदानावर ती जागा चढाई चांगली असल्याने मिळते. कट्ट्यावर ती कशाने मिळते ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्हीही त्या वयातून गेलाय.

अर्थात हे सगळ्याच मैदानांना लागू नाही, हे आधीच कबूल करतो. मैदान म्हणजे चुन्याच्या रेषा नव्हेत. तिथे उभा असलेला माणूस कोण, यावर सगळं आहे. वेळेवर येणारा, पोराला नावाने ओळखणारा, तोंडात मावा नसलेला माणूस असेल तर पाठवा. नसेल, आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या रात्रीच्या मॅचेस, पैजा आणि निवडणुकीचा बॅनर एवढंच असेल, तर तुमच्या मंडळींचं बरोबर आहे. मी खेळवेडा असूनही म्हणतो, अशा ग्राऊंडवर माझा नातू मी पाठवणार नाही.

आता पोटाचं.

मी एका बापाला शब्द दिला होता. पोरगा खानापूर तालुक्यातला, जंगलाच्या कडेच्या गावचा. रोज सहा किलोमीटर चालत शाळेला यायचा. पाय असे की 1600 मीटर मी घड्याळ लावून पळवलं तेव्हा पाच मिनिटं बारा सेकंद. भरतीत त्या वेळी साडेपाच मिनिटांच्या आत आलेल्याला पूर्ण 60 गुण मिळायचे, दहा पुलअप्सना 40. मी बापाला म्हटलं, "आण्णा, हा आर्मीत गेलाच म्हणून समजा." बापाने माझ्या शब्दावर पोराचं कॉलेजकडे फार लक्ष दिलं नाही. 2021 च्या सुरुवातीला भरती मेळाव्यात तो पळण्यात पास झाला, मेडिकलला पास झाला. लेखी परीक्षेची तारीख आली, पुढे गेली. परत आली, परत पुढे गेली. कोरोनाचे दिवस. जून 2022 मध्ये चार वर्षांच्या सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली आणि अडकलेल्या जुन्या भरत्या रद्द झाल्या. त्या वर्षापुरती वयाची अट 23 पर्यंत वाढवली होती, त्यामुळे तो परत जाऊ शकला असता. मी घरी गेलो तर म्हणाला, "सर, आता पळवत न्हाई." तोपर्यंत तो गोव्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये लागला होता.

पोराने काही चुकवलं नव्हतं. पाय चुकले नव्हते. माझा शब्द चुकला. जे माझ्या हातात नव्हतं त्याची हमी मी दिली. तेव्हापासून कुठल्याही बापाला मी नोकरीचं नाव घेऊन पोरगं ग्राऊंडवर पाठव असं सांगत नाही. आणि जो सांगतो त्याच्यापासून चार हात लांब राहा, असं मात्र सांगतो.

हिशेबच मांडू. शालेय कबड्डीची शिडी आपल्याकडे क्लस्टर (म्हणजे आसपासच्या शाळांचा गट), तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी आहे. संघात बारा जण, मैदानात सात. तालुक्यात शाळा किती, प्रत्येक शाळेची पोरं किती, त्यातून पुढे जाणार बारा. बेळगाव विभागात सात जिल्हे येतात: बेळगाव, बागलकोट, विजापूर, गदग, धारवाड, हावेरी, कारवार. त्यात आपलाच जिल्हा शिक्षण खात्याच्या हिशेबाने दोन, बेळगाव आणि चिक्कोडी. या सगळ्यांतून विभागाचे बारा. असे चार विभाग मिळून राज्याचे बारा. तुमचा मुलगा तालुक्याला खेळला ही आनंदाची गोष्ट आहे, घरात फोटो लावा. पण शिडीची ती खालून दुसरी पायरी आहे. 2014 पासून टीव्हीवर प्रो कबड्डी आली आणि प्रत्येक गावात एक पोरगा चढाईला जाताना मांडीवर थाप मारायला लागला. तिथे संघ बारा आहेत, संपूर्ण देशासाठी.

वर पोचलेल्याचंही पोट भरतंच असं नाही. शंकर लक्ष्मण यांचं नाव नव्या पोरांना ठाऊक नसतं. मराठा लाईट इन्फंट्रीचे हॉकीचे गोलकीपर. ज्या रेजिमेंटचं केंद्र 1922 पासून आपल्या बेळगावात आहे, तिचेच. सैन्यात आले ते बँडमध्ये. 1956 मेलबर्न सुवर्ण, 1960 रोम रौप्य, 1964 टोकियो सुवर्ण, तिन्ही ऑलिम्पिकमध्ये गोलपोस्टसमोर तेच. शेवटचे दिवस महूला काढले, पायाला गँगरीन, पैशाची ओढाताण, 2006 मध्ये गेले. ही गोष्ट मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. त्यांनी तिन्ही वेळा जे केलं ते पोटासाठी केलं असेल असं मला वाटत नाही, एवढंच.

म्हणजे वाव नाहीच का? आहे. रेल्वेत खेळाडूंची भरती होते, आपलं नैऋत्य रेल्वेचं मुख्यालय हुबळीलाच आहे. कर्नाटकात पोलीस भरतीत खेळाडूंना राखीव जागा असतात. सैन्य खेळाडूंना वेगळं घेतं. खेलो इंडियात निवड झाली तर वर्षाला पाच लाखांपर्यंतचा खर्च आठ वर्षं सरकार करतं. पण या सगळ्या दारांवर राज्य, राष्ट्रीय असे शब्द लिहिलेले असतात, आणि बहुतेक दारांवर शिक्षणाचीही अट असते. दहावी नापास राष्ट्रीय खेळाडूपेक्षा बारावी पास राज्य खेळाडूला जास्त दारं उघडी असतात. म्हणून पोराला सांगताना 'अभ्यास कर नाहीतर कबड्डी बंद' असं धमकीच्या सुरात सांगू नका. त्याला जाहिरात काढून दाखवा, अट वाचायला लावा. माझा अनुभव असा की छापील अटीचं पोरं जितकं मानतात तितकं बापाचं मानत नाहीत.

सीमेच्या बाबतीत एक गोंधळ कायम होतो. चंदगडचा, गडहिंग्लजचा पाहुणा सुट्टीला येतो आणि सांगतो, "आमच्याकडं खेळाडूला दहावीला वाढीव गुण मिळतात, नोकरीत 5 टक्के जागा असतात." महाराष्ट्रात ते आहे, खोटं नाही. पण तुमचा मुलगा कर्नाटक बोर्डाचा, खेळतो कर्नाटकाच्या शाळेकडून. पलीकडचे वाढीव गुण पलीकडच्या बोर्डाच्या मुलांना. त्या भरवशावर अभ्यास सैल सोडू नका. आपल्या पोरांचं हे नेहमीचंच, घर एका भाषेत आणि अर्ज दुसऱ्या.

आणि त्याचा एक बारका त्रास असा की स्पर्धेच्या जागी सगळं कन्नडमध्ये चालतं. सूचना, पंचांचं बोलणं, तक्रारीचा अर्ज. एकदा आमचा कर्णधार पंचांनी काय सांगितलं ते न कळून मध्यरेषेवर नुसता उभा राहिला आणि समोरच्या संघाच्या पोरानेच हाताने खूण करून सांगितलं, "टाईमआऊट संपला रे, ये." त्या दिवसापासून मी सरावातली मोजणी आठवड्यातून तीन दिवस कन्नडमध्ये घेऊ लागलो. ओंदु, एरडु, मूरु. सुरुवातीला गावातल्या दोघांनी नाकं मुरडली. मी म्हटलं, पोरांना हरायचं असेल तर खेळात हरू देत, भाषेत नको. मराठीचा अभिमान मला कुणी शिकवायला नको, एक नोव्हेंबरला काळी पट्टी मीही बांधलीय. पण पोरगं राज्याच्या शिबिराला गेलं तर तिथला कोच त्याला मराठीत ओरडणार नाही.

आता चुलतभावाच्या अकॅडमीचं. सगळ्याच वाईट नसतात, दोन-तीन चांगल्या माझ्या पाहण्यात आहेत. पण फी भरण्याआधी तुम्ही स्वतः जा, आणि कळवून जाऊ नका. सकाळी साडेपाचला पोचा. किती पोरांमागे एक शिकवणारा आहे ते मोजा. पाण्याची टाकी आणि संडास बघा. स्वयंपाकघरात जाऊन पोरांना सकाळी काय मिळतं ते विचारा. नुसता चहा-खारी असेल तर तिथूनच मागे फिरा. पोरगं पडलं, हाड मोडलं तर कुठे नेता, खर्च कुणाचा, विचारा. दहावीची शाळा कुठली, हजेरी खरी लागते की कागदावर, तेही. आणि 'शंभर टक्के भरती' असा फलक दाराशीच दिसला, तर तो लावणाऱ्याला विचारा, अग्निवीरांतले चार वर्षांनी किती टिकतात. पंचवीस टक्क्यांपर्यंत, असा नियम आहे. बाकीच्यांना चोविशी-पंचविशीच्या आतबाहेर परत घरी यायचंय, आणि तेव्हा हातात पळण्याव्यतिरिक्त काहीतरी लागतं.

सरकारी वाट स्वस्त आहे, ती आधी पडताळा. युवा सबलीकरण आणि क्रीडा खात्याची क्रीडा वसतिगृहं आहेत, निवड चाचणी होते, राहणं-जेवण-शिक्षण सरकारकडून. कुठल्या वर्षी कुठल्या इयत्तेला कुठला खेळ घेतात ते त्या वर्षीच्या जाहिरातीत बघावं लागतं. जिल्हा क्रीडांगणाच्या ऑफिसात जाऊन विचारा, फोनवर नीट कळत नाही. मराठा सेंटरची, म्हणजे वर सांगितलेल्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या केंद्राची, बॉईज स्पोर्ट्स कंपनी आहे, पण ती लहान पोरांना घेते, साधारण आठ ते चौदा. तुमच्या मुलाचं वय निघून गेलं. भावकीत कुणाचं दहा-अकराचं चपळ पोरगं असेल तर त्यांच्या कानावर घाला.

माझं मत विचाराल तर दहावीच्या वर्षी घराबाहेर काढू नका. बारावीनंतरही अकॅडमी तिथेच असते.

इथे थांबून माझी आणखी एक चूक सांगतो, कारण तुमच्या मुलाच्या वाट्याला ती येऊ शकते. शालेय कबड्डीत वजनाची मर्यादा असते. आमचा उजवा कोपरा सांभाळणारा पोरगा स्पर्धेच्या चार दिवस आधी दोन किलो जास्त भरला. मी म्हटलं, उतरव. कसं उतरव ते सांगितलं नाही, आणि ती माझी चूक. त्याने आपल्या अकलेने केलं: भाताची लावणी चालू असताना बापाचा रेनकोट घालून बांधावरून पळाला, रात्री जेवला नाही, आदल्या दिवशी दुपारपासून पाणी बंद. काट्यावर बरोबर बसला. दुसऱ्या डावात पकड करायला वाकला आणि पोटरीत असा गोळा आला की आडवा झाला. ओठ पांढरे, जीभ कोरडी, डोळे फिरलेले. जीपमधून दवाखान्यात नेलं, सलाईन लावली, संध्याकाळी उठून बसला. त्याची आई आली आणि मला काही बोलली नाही. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर वाढत्या वयाच्या पोराचं वजन मी कधी उतरवलं नाही. बसत नसेल तर त्या वर्षी खेळायचं नाही, वरच्या गटाची वाट बघायची. तुमच्या मुलाला कुणी 'पाणी कमी पी' म्हणालं तर त्या माणसाला येऊन भेटा.

गुडघ्याचंही तसंच. या वयात उंची झपाट्याने वाढते, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, हात लावला तर टेंगूळ लागतं. गावात त्याला 'शीर चढली' म्हणून चोळतात. चोळू नका. उड्या आणि उकिडवं बसणं काही आठवडे कमी करा, बर्फ लावा, दुखणं थांबलं नाही किंवा सूज आली तर हाडाच्या डॉक्टरला दाखवा. बहुतेकांचं वाढ थांबली की जातं. प्रोटीनचे डबे घेऊ नका. दोन अंडी, मूठभर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, घरचं ताक-दूध आणि पोटभर भाकरी-भात. त्या डब्याच्या पैशात महिनाभराची अंडी येतात.

मग दहावीचं वर्ष कसं काढायचं? मी करायचो ते सांगतो, तुम्ही तुमच्या घरापुरतं बदला. आपल्याकडे शाळांच्या स्पर्धा बहुधा पावसातच उरकतात, क्लस्टर आणि तालुका ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास. तोवर त्याला मनसोक्त खेळू द्या, आठवड्याला पाच दिवस, दीड तास. स्पर्धा संपली, संघ बाहेर पडला की चार दिवस, एक तास. जानेवारीपासून मॅचेस बंद, पण ग्राऊंड बंद नाही: चाळीस मिनिटं पळणं, थोडे जोर-बैठका, आणि सात वाजता घरी. पाच ते सतरा वयाच्या मुलाने रोज साठ मिनिटं अंगमेहनत करावी असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, त्यात परीक्षेच्या महिन्याची सूट दिलेली नाही. ट्यूशन लावायची तर गणिताची आणि कन्नडची लावा, सगळ्या विषयांची नको. आणि ती ट्यूशन साडेपाचची घेऊ नका, साडेसातची घ्या. पेपरच्या आदल्या संध्याकाळीही अर्धा तास पळून आलेली माझी पोरं रात्री गाढ झोपायची. न पळालेली रात्री एकला आईला उठवून "मला काही आठवत नाही" म्हणायची, हे त्यांच्या आयांनी मला सांगितलंय.

तुम्ही विचारलं नाही, पण 'वेळ जातोय' म्हणालात म्हणून एक सांगावंसं वाटतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा आणि मार्कंडेय दोन्ही नद्या फुगल्या होत्या. आमच्या बाजूच्या एका वाडीत पाणी घुसलं, मध्यरात्री. गावात मंडळं चार, बॅनर आठ. सगळ्यात आधी कोण पोचलं तर संध्याकाळी कबड्डी खेळणारी पोरं. का? त्यांच्याकडे एकमेकांचे नंबर होते, कोणाच्या घरात दोर आहे, कुणाला पोहता येतं ते ठाऊक होतं, आणि एकाने 'चला' म्हटलं की बाकीच्यांनी निघायची सवय होती. साखळी धरून पकड करणारी पोरं, तशीच हात धरून पाण्यात उभी राहिली आणि म्हाताऱ्यांना एकेक करून पुढे दिलं. त्यातला एकही पोरगा जिल्ह्याच्या संघात गेलेला नव्हता. दोघे तर दहावीला लटकलेले होते. आधीच्या पिढीत हे काम तालमीतली पोरं करायची. आखाड्याची माती भिजवायला तेल, ताक, हळद गावच्या वर्गणीतून यायची, म्हणून तालमीतलं पोरगं गावाचं असायचं. आता येळ्ळूरसारख्या गावांत यात्रेला कुस्त्यांचा आखाडा भरतो, गर्दी तुफान होते, पण रोज सकाळी माती उकरणारे हात कमी झालेत. आणि ज्या गायरानात पोरं खेळायची तिथे कुठे समुदाय भवन उठलं, कुठे कुणाचा तरी ट्रॅक्टर लागतो. ग्रामपंचायतीच्या सभेला गेलात तर रस्त्याबरोबर मैदानाचंही विचारा.

शेवटची गोष्ट तुमच्या मुलीची. तुम्ही ओघात लिहिलंत, "मुलगी सहावीत आहे, ती घरातच असते, तिचा काही त्रास नाही." या ओळीवर मी बराच वेळ थांबलो. माझ्या शाळेत पाचवी-सहावीत खो-खोला मुली मुलांपेक्षा जास्त यायच्या. आठवीत अर्ध्या. दहावीत चार. त्या खेळात कमी पडल्या नव्हत्या. ग्राऊंडजवळ बायकांसाठी संडास नव्हता, पावसाळ्यात सहालाच अंधार पडायचा, हाफ पँटवरून कोणीतरी काहीतरी बोलायचं, आणि घरी भाकऱ्यांची वेळ झालेली असायची. मी शेवटच्या काही वर्षांत मुलींचा सराव शाळा सुटल्याबरोबर साडेचारला घ्यायला लागलो, ट्रॅक पँट चालेल असं सांगितलं, आणि त्यांना घोळक्याने परत पाठवायचो. एवढ्यानेच दहावीतल्या चारच्या अकरा झाल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या तुम्मरगुद्दीची मलप्रभा जाधव 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या ज्युदोसारख्या कुस्तीच्या प्रकारात 52 किलो गटात ब्राँझ घेऊन आली. मुळात ज्युदोची मुलगी. कुराश हा शब्दसुद्धा त्या दिवसापर्यंत आमच्या गावात कुणी ऐकलेला नव्हता. तुमच्या मुलीने पदक आणावं असं माझं म्हणणं नाही. थोरल्याचं मैदान चालू ठेवायचं की नाही यावर घरात एवढी चर्चा चाललीय, तर धाकटीचं सुरूच का झालं नाही, एवढं मंडळींशी बोलून बघा. भाऊ पाचला निघतो, तिलाही बरोबर निघता येईल.

आणि एक कामाचं राहिलं. मुलाचं तालुक्याचं प्रमाणपत्र आजच काढून बघा. त्यावरचं नाव, बापाचं नाव, आडनावाचा क्रम आणि जन्मतारीख आधार कार्डाशी आणि शाळेच्या दाखल्याशी जुळते का. कन्नडमध्ये लिहिताना 'पाटील'चं 'पाटिल', 'ज्ञानेश्वर'चं काहीच्या काही होतं, आणि ते आपल्याला वाचता येत नाही म्हणून कळत नाही. माझ्या एका पोराचं विभागाचं प्रमाणपत्र नोकरीच्या पडताळणीत याच कारणाने बाजूला पडलं, आणि चार वर्षांनी दुरुस्ती करायला गेलो तेव्हा सही करणारे साहेब बदलून गेले होते. तुमच्या मुलाचं प्रमाणपत्र अजून ताजं आहे. शाळेतल्या कन्नडच्या बाईंकडून ते एकदा वाचून घ्या, चूक निघाली तर हेडमास्तरांच्या पत्रासह याच महिन्यात दुरुस्त करून आणा.